फरशी बदलताय? आधी खाली बघा!

सुट्टीत घरी गेलं आणि घराचं काम निघालेलं असलं की एक प्रश्न हमखास येतो : "तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग सांग बरं कुठली फरशी घालायची?" ब्रँच कॉम्प्युटर असली तरी सुटका नाही. मग आपण दुकानात जातो आणि सगळ्यात चकचकीत टाइलवर बोट ठेवतो. पण दुकानातल्या दिव्यांखाली सगळ्याच टाइल सुंदर दिसतात. खरं बघायचं असतं ते दोन ठिकाणी : फरशीच्या खाली काय आहे, आणि फरशीवरून कोण चालणार आहे.

खालचं आधी. जुनी फरशी फोडायची म्हणजे धूळ, आवाज, शेजाऱ्यांची कटकट. म्हणून मिस्त्री सुचवतो, "राहू द्या ती, वरूनच नवीन टाकू." इथे थांबा आणि कॅल्क्युलेटर काढा. ४० मि.मी. सिमेंटचा माल म्हणजे चौरस मीटरला सुमारे ८० किलो. त्यावर १० मि.मी. जाडीची व्हिट्रिफाइड टाइल, सुमारे २४ किलो. झाले शंभरच्या वर. राहत्या खोलीसाठी आय.एस. ८७५ च्या दुसऱ्या भागात लाइव्ह लोड धरलाय चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो. त्यातला निम्मा आपण माणसं आणि कपाटं यायच्या आधीच खाऊन टाकला! १० बाय १२ फुटांच्या एका खोलीत हे वजन जवळजवळ १२०० किलो भरतं. म्हणजे जवळपास दोन मारुती ८०० गाड्या कायमच्या पार्क करून ठेवल्या म्हणा ना. तळमजल्यावर खाली जमीनच असेल तर प्रश्न नाही, पण तिसऱ्या मजल्यावरच्या तीस वर्षं जुन्या स्लॅबवर हा उद्योग नको. जुनी फरशी पक्की असेल तर टाइल ॲडहेसिव्हने चिकटवता येते. मग वाढ होते ३०-३५ किलोंचीच. तरीही पातळी १५ मि.मी. वर येते. दारं खालून तासावी लागतात, आणि बाथरूमची पातळी बाहेरच्यापेक्षा खाली राहते ना, हे तपासावं लागतं.

अर्थात, बदलायची गरज आहे का, हेही विचारावं. जुन्या मोझॅक टाइल्सना हल्ली कुणी विचारत नाही. पण त्या मळकट दिसतात म्हणून फोडणं म्हणजे शर्ट मळला म्हणून फेकून देणं. मोझॅकचा वरचा थर सिमेंट आणि संगमरवराच्या खड्यांचा असतो. मशीन लावून तो घासला की खालचा ताजा थर वर येतो. माझं स्पष्ट मत, टाइल पोकळ वाजत नसतील तर पॉलिश करून घ्या आणि उरलेले पैसे बाथरूमवर घाला.

आता वरून कोण चालणार? घरात आजी-आजोबा असतील तर हाच पहिला निकष. म्हातारपणी घसरून खुब्याचं हाड मोडलं तर माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळतो. टाइलच्या माहितीपत्रकात आर-९ ते आर-१३ असा दर्जा दिलेला असतो. त्याची जर्मन चाचणी मजेशीर आहे. तेल लावलेल्या फळीवर बूट घातलेला माणूस चालतो आणि फळी हळूहळू तिरकी करत जातात. ६ ते १० अंशांत घसरला तर आर-९, १० ते १९ अंशांत घसरला तर आर-१०. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधला घर्षणकोनच हा! टॅन १० अंश म्हणजे जेमतेम ०.१८. अनवाणी पायांसाठी साबणाच्या पाण्यावर वेगळी चाचणी असते, तिचे दर्जे ए, बी, सी. मोरी-बाथरूमसाठी हे अक्षर विचारा. दुकानदाराला ते माहीत नसेल तर टाइल ओली करून स्वतः अनवाणी उभं राहून बघा.

कोकणातल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. पावसाळ्यात हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ८५ टक्के असली, की दवबिंदू २७ अंशांच्या आसपास जातो. तळमजल्याची फरशी त्याहून थंड असली की तिला घाम फुटतो, आणि गुळगुळीत टाइलवर पाण्याचा पातळ थर बसतो. तिथे मॅट टाइल किंवा खरबरीत दगडच बरा. लॅमिनेट लाकडाचा तर विचारच नको, ओल लागली की फुगतं.

दगडांमध्ये शहाबादी, कोटा, कडप्पा आणि संगमरवर या मंडळींत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यामुळे लिंबू, चिंच, कोकम सांडलं की डाग पडतो आणि पॉलिश जातं. संडास धुण्याचं ॲसिड तर चुकूनही नको. ग्रॅनाइटला लिंबाचं भय नाही. स्वयंपाकघरासाठी दगड घ्यायचा तर दुकानातून तुकडा आणा, लिंबू पिळा आणि सकाळी बघा.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, ०.५ टक्क्याहूनही कमी. हा तिचा गुण, पण लावताना हाच दोष, कारण नुसत्या सिमेंटच्या रबडीवर ती नीट धरत नाही. म्हणून ॲडहेसिव्ह. शिवाय दोन टाइलमध्ये २-३ मि.मी. सांधा हवाच. ५ मीटरच्या खोलीत तापमान २० अंशांनी वाढलं तर टाइलची रांग साधारण ०.७ मि.मी. वाढते. जागा नसेल तर मधल्याच टाइल तंबूसारख्या वर उठतात. "सांधा दिसू देत नाही साहेब" म्हणणाऱ्या मिस्त्रीला शाबासकी देऊ नका.

बाथरूम गळत असेल तर वरून नवी टाइल लावून काही होत नाही. खालपर्यंत उघडून वॉटरप्रूफिंग करा, पाणी कोंडून २४ ते ४८ तास ठेवा, खालच्या शेजाऱ्याचं छत बघून या आणि मगच टाइल लावा. उतार मीटरला १० ते १५ मि.मी., जाळीकडे.

राहिली खरेदी. ६०० बाय ६०० मि.मी.च्या चार टाइलच्या खोक्यात साडेपंधरा चौरस फूट येतात. १२० चौरस फुटांच्या खोलीला हिशोबाने आठ खोकी पुरतात, पण कापाकापी धरून नऊ घ्या, आणि सगळ्यांवर बॅच नंबर एकच आहे ना ते उतरवून घेतानाच वाचा. उरलेल्या टाइल माळ्यावर ठेवा. पाच वर्षांनी नळ दुरुस्तीत एखादी फुटली, तर तोच रंग बाजारात मिळेलच असं नाही.