नांवांची यादी आणि एकच चौकोन

वेब-पानावर एक नांव लिहून घेणें सोपें. नांवांची यादी लिहून घेणें मात्र विचाराचें काम आहे. प्रत्येक पानासाठीं निराळा चौकोन रचण्यापेक्षां तो एकदांच नीट रचून सर्वत्र योजावा, असें आम्हांस वाटतें. अशा पुनःपुन्हा उपयोगी पडणाऱ्या भागास 'कंपोनंट' म्हणतात. त्याचीं कामें आपण पाहूं.

पहिलें, एक नांव कोठें संपलें हें ओळखणें. स्वल्पविराम ही खूण धरली, तर 'कऱ्हाडकर, गोविंद' या एका विद्यार्थ्याचे दोन होतात. म्हणून एका ओळीस एक नांव हा नियम बरा. त्यासाठीं 'टेक्स्टएरिया' हा अनेक ओळींचा चौकोन घ्यावा. 'इनपुट' या एका ओळीच्या चौकोनांत ओळी टिकत नाहींत.

दुसरें, कोऱ्या ओळी व नांवामागची-पुढची मोकळी जागा काढणें.

तिसरें, पुनरुक्ति हुडकणें. युनिकोडांत 'ऱ' हें अक्षर एका चिन्हानें, किंवा 'र' व नुक्ता अशा दोन चिन्हांनीं नोंदितां येतें. डोळ्यांस 'कऱ्हाडकर' एकच दिसतो. यंत्र मात्र दोन मोजतें. यास्तव तुलनेपूर्वीं सर्व नांवें एका रूपास आणावीं. परंतु एकाच नांवाचे दोन विद्यार्थी खरोखर असूं शकतात; म्हणून चौकोनानें पुनरुक्ति दाखवावी, आपण होऊन खोडूं नये.

एका ठिकाणची दुरुस्ती सर्व पानांस लाभते, तशी एका ठिकाणची चूकहि सर्वत्र पसरते. गळालेलें प्रत्येक नांव कोणा तरी विद्यार्थ्याचें असतें, हें रचणारानें विसरूं नये.