आधी चिप ओळखा

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे मोफत अपडेट बंद झाले आणि आमच्या अमरावतीत ओळखीपाळखीतल्या बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आलं. ते बसतं झटकन. अडतं वायफायपाशी. अकोल्याच्या आतेभावाचा फोन आला तोही त्यासाठीच: "दादा, सारं चालू झालं, पण वायफायचं चिन्हच दिसून नाही राहिलं."

मी रविवारी पोचेपर्यंत भावानं इकडून तिकडून सापडलेल्या आज्ञा टर्मिनलमध्ये चिकटवून ठेवल्या होत्या, त्याही रियलटेकच्या कार्डासाठीच्या. आतलं कार्ड निघालं ब्रॉडकॉमचं, बीसीएम ४३१२. लॅपटॉपच्या झाकणावरचं नाव इथं कामाचं नाही. ड्रायव्हर चिपवर ठरतो. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -एनएनके' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. 'नेटवर्क कंट्रोलर'च्या ओळीत चिपचं नाव आणि चौकटी कंसातला क्रमांक दिसतो. खाली 'ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नसेल, तर ड्रायव्हर लागलेला नाही. बाहेरून लावायच्या डोंगलसाठी 'एलएसयूएसबी'. त्याआधी 'आरएफकिल लिस्ट' बघा. तिथं 'हार्ड ब्लॉक्ड: यस' आलं, तर लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा वरच्या ओळीतली कळ दाबायची, बस.

खरी गोम पुढे आहे. ब्रॉडकॉमसारख्या चिपांना लागणारं फर्मवेअर परवान्याच्या भानगडीमुळे बरेचदा सोबत येत नाही, ते नेटवरून उतरवावं लागतं. आणि नेट तर चालत नाही! डेबियननं २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून असं बरंच फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच दिलं, तरी सगळं नाही. अशा वेळी अँड्रॉइड फोन यूएसबी केबलनं जोडून 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. लॅपटॉपला ते तारेचं नेट वाटतं. केबल मात्र डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलनं काही होत नाही. मग उबुंटू किंवा मिंटमधलं ड्रायव्हरचं दालन उघडलं की योग्य नाव बहुधा तेच सुचवतं. भावाचं काम तिथंच झालं. जास्त वेळ गेला तो चिकटवलेलं निस्तरण्यात.

नव्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्ट झाल्यावर निळा पडदा येतो. लोक घाईत 'कंटिन्यू बूट' दाबतात आणि वायफाय पुन्हा गायब. तिथं 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. पडदा थोडाच वेळ थांबतो, म्हणून चहा नंतर.

डोंगल घ्यायला गेलात तर दुकानदार म्हणेल, "चालते ना भाऊ, लिनक्सवर बी चालते." खोक्यावरही तसं छापलेलं असतं, पण ते लिनक्सच्या कितीतरी जुन्या कर्नलपुरतं, म्हणजे गाभ्यापुरतं, असू शकतं. शिवाय एकाच मॉडेलच्या पुढच्या आवृत्तीत चिप बदललेली असते. खोक्यावरचा व्हर्जन क्रमांक वाचा, चिप शोधा, आणि नाही चाललं तर बदलून मिळेल का, ते पैसे देण्याआधी विचारा.