चेहऱ्याचा अभ्यास

उर्दूतील 'तस्वीर' म्हणजेच मराठीतील 'तसबीर'. भिंतीवरची तसबीर आपण पाहतो; पण ती तयार होण्यापूर्वी चित्रकार काय करतो, ते आज पाहू.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत मोठा दरबार भरला. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे त्यात जाहीर करण्यात आले. या प्रसंगाचे चित्र काढण्याचे काम व्हॅल प्रिन्सेप या चित्रकाराकडे होते. त्याचा जन्म १८३८ साली कलकत्त्यात झाला होता.

दरबार संपला, राजे आपापल्या गावी गेले. इतके चेहरे लक्षात कसे राहणार? म्हणून प्रिन्सेप अनेक महिने संस्थानांत फिरला. राजांना समोर बसवून त्याने त्यांच्या चेहऱ्यांची चित्रे रंगवली. अशा तयारीच्या चित्राला 'अभ्यासचित्र' म्हणतात. त्यात थाटमाट नसतो. डोळ्यांची ठेवण, कपाळावरचा उजेड, गालावरची सावली एवढेच टिपायचे असते. तेलरंगात बहुधा जवसाचे तेल असते. होय, आपल्या शेतात पिकते तेच जवस! हे तेल सावकाश वाळते. त्यामुळे रंग एकमेकांत मिसळता येतात, चूक सुधारता येते.

या अभ्यासावरून केलेले मोठे चित्र १८८० साली लंडनमध्ये लोकांपुढे आले. ते सुमारे १० फूट उंच आणि २३ फुटांहून अधिक रुंद आहे.

त्या दरबाराला दोन लहान राजेही हजर होते. हैदराबादचे निजाम मीर महबूब अली खान १० वर्षांचे होते. आपले उमरी तेव्हा त्यांच्याच संस्थानात होते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड १३ वर्षांचे होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातला हा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन राजा झाला होता.

याच काळात, १८७६ ते १८७८ या वर्षांत, दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला होता. लाखो माणसे भुकेने आणि रोगाने मेली. दरबाराच्या चित्रात त्यांचा एकही चेहरा नाही. या चित्रासाठी त्यांना समोर बसवायला कोणी गेले नाही. म्हणून चित्र पाहताना दोन प्रश्न विचारा : यात कोण आहे? आणि कोण नाही?

अभ्यासचित्र शब्दांनीही काढता येते. त्यासाठी राजा लागत नाही. नीट पाहणारी नजर लागते.

शब्दार्थ
सम्राज्ञी – मलिका
दुष्काळ – कहत
भीषण – भयानक
ठेवण – आकार, घडण

स्वाध्याय
१. प्रिन्सेप संस्थानांत का फिरला?
२. तेलरंग सावकाश वाळल्याने कोणता फायदा होतो?
३. 'चित्रात कोण नाही?' हा प्रश्न का विचारावा?
४. दादी किंवा नानीसमोर शांत बसा. त्यांच्या चेहऱ्याचे पाच वाक्यांत मराठीत वर्णन लिहा आणि त्यांना वाचून दाखवा.