समुद्र मोठा, प्रश्न लहान हवा

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी लेकीने समुद्रविज्ञान निवडलं की घरून पहिली चौकशी होते ती बोटीची. बहुतेक प्रकल्पांना बोट लागतच नाही. खरी अडचण असते ती विषयाच्या आवाक्याची. ‘कोकण किनाऱ्यावरील प्रदूषण’ हा विषय अख्ख्या संस्थेला पुरेल. एकट्या विद्यार्थ्याने एकच खाडी घ्यावी आणि भरती-ओहोटीबरोबर पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन किती बदलतो, एवढंच पाहावं.

हे मोजायची विंकलर पद्धत जुनी आणि स्वस्त आहे, पण हात सावध हवा. बाटली काठोकाठ भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. मँगनीजचं आणि आयोडाइडचं द्रावण तिथेच, काठावर घालायचं. साका तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात आपल्या किनाऱ्याजवळ खालचं ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर सरकतं, आणि गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोर त्याचा वर्षानुवर्षं अभ्यास करते आहे. म्हणजे तुलनेला आधार आहे.

पाण्यात उतरायचंच नसेल तर आर्गो तरंगकांची माहिती फुकट मिळते. ते साधारण दर १० दिवसांनी २००० मीटर खोलीपासून वर येत तापमान आणि क्षारता मोजतात. मुंबईच्या समुद्रपातळीच्या नोंदी तर १८७८पासूनच्या आहेत. या नोंदी हाताळायला पायथॉन ही संगणकभाषा थोडी शिकावी लागेल, आणि ती पुढे कुठेही कामी येते.

नोकरीचं काय? नुसत्या बी.एस्सी.वर या क्षेत्रात थेट संधी थोड्या, हे पालकांनी धरूनच चालावं. एम.एस्सी.नंतर हैदराबादचं इन्कॉइस हे सागरी माहिती केंद्र, वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र किंवा बंदरांच्या पर्यावरण परिणाम अहवालांचं काम करणाऱ्या कंपन्या, अशा वाटा दिसू लागतात.

प्रकल्पासाठी खडकाळ किनाऱ्यावरचे जीव मोजायचे असतील तर तारखा तिथी बघून ठरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी खोल जाते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, खडक पुरता उघडा पडत नाही. एकट्याने जाऊ नये, पाणी फिरलं की काम अर्धवट टाकून वर यावं. प्रवाळ आणि काही शंख-शिंपल्यांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा फोटो काढा, मोजा, उचलून आणू नका.