हिरवं की लाल, ते पोरांवर सोडा

दहावी-बारावी झाली की शहापूर-मुरबाडकडची पोरं पूर्वी मोबाइल मागायची. आता पीसी मागतात, आणि तोही गेमिंगचा. बजेटवर घरात कसंबसं एकमत होतं न होतं तोच पुढचा वाद उभा राहतो: ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं घ्यायचं की एएमडीचं? मुलगा हिरव्या पार्टीचा, त्याचा चुलतभाऊ लाल पार्टीचा. दोघेही यूट्यूबचे दाखले देतात, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत होत नाही एवढी तणातणी होते, आणि तुम्हाला त्यातून कळतं ते एवढंच की एका खोक्यासाठी तीसेक हजार मोजायचे आहेत.

मला विचाराल तर या वादात तुम्ही पडूच नका. पैशाचा आकडा तुम्ही ठरवा, हिरवं की लाल ते त्याला ठरवू द्या. मात्र काही प्रश्न यूट्यूबवरचा माणूस विचारत नाही, कारण त्याच्या घरची वीज वारा सुटला की जात नाही, आणि कार्ड बिघडलं तर त्याला आसनगावहून लोकल पकडावी लागत नाही. ते प्रश्न तुम्ही विचारायचे.

आधी हे कार्ड करतं काय, ते दोन वाक्यांत. साध्या फुल एचडी पडद्यावर 20 लाखांहून जास्त ठिपके असतात, आणि गेम चालू असताना त्या प्रत्येकाचा रंग सेकंदाला निदान 60 वेळा नव्याने काढावा लागतो. मुख्यतः हेच काम करणारा वेगळा प्रोसेसर आणि त्याची स्वतःची मेमरी म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

आता पार्ट्यांचं. एनव्हिडिया 1993 साली कॅलिफोर्नियात सुरू झाली, तिचा रंग हिरवा. एएमडी त्याहून जुनी, 1969ची. पण ग्राफिक्समध्ये ती उतरली 2006 मध्ये, कॅनडाची एटीआय कंपनी विकत घेऊन. ‘रेडिऑन’ हे नाव मूळ एटीआयचं. तिसरी इंटेल, निळ्या रंगाची. तिची ‘आर्क’ कार्डं 2022 पासूनची. गंमत म्हणजे या तिन्ही कंपन्यांच्या नव्या पिढीच्या ग्राफिक्स चिप तयार होतात तैवानच्या टीएसएमसी या एकाच कंपनीच्या कारखान्यांत. आणि एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग व एएमडीच्या प्रमुख लिसा सू दोघेही जन्माने तैवानचे, लांबच्या नात्यातले. इकडे आपल्या घरातले चुलतभाऊ मात्र त्यांच्यापायी एकमेकांशी बोलत नाहीत.

मुलांच्या भांडणात एक गोष्ट बहुतेक वेळा सुटते. एनव्हिडिया आणि एएमडी मुख्यतः चिप देतात. तुम्ही दुकानातून जे खोकं आणता, ते असूस, गिगाबाइट, एमएसआय, झोटॅक, सफायर अशा कोणाचं तरी असतं. पंखे त्यांचे, वॉरंटी त्यांची, बिघडलं तर दारही त्यांचंच ठोठावायचं. म्हणजे ब्रँड दोन थरांचा आहे. पोरं भांडतात ती वरच्या थरावर, तुमचे पैसे अडकतात खालच्या थरात. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारा: वॉरंटी किती वर्षांची, आणि सर्व्हिस सेंटर कुठे? ठाणे-मुंबईत असेल तर ठीक. मुरबाडला रेल्वे नाही. धसई किंवा टोकावड्याहून निघालेल्या माणसाला कल्याण गाठण्यातच सकाळ जाते. पाचशे-हजार रुपये वाचवायला जिचं सेंटर जवळपास नाही ती कंपनी घेतलीत, तर ते पैसे एसटीच्या तिकिटांत परत जातील.

तरी वरच्या थराबद्दल माझं मत विचारलंत म्हणून सांगते. मुलाला किंवा मुलीला खेळाबरोबर व्हिडिओ एडिटिंग, ब्लेंडरमधलं थ्रीडी काम किंवा एआयचे प्रयोग करायचे असतील, तर एनव्हिडिया घ्या. या कंपनीने 2007 पासून ‘कुडा’ नावाची सोय लोकांच्या हाती दिली आणि अशा कामांची कितीतरी सॉफ्टवेअर तिच्यावर बेतली गेली. एएमडीवर तीच कामं होतात, पण खटपट जास्त. ब्लेंडर फुकट आहे आणि एनव्हिडियाचं मोठं कार्यालय पुण्यात आहे, हे घरात बोलता बोलता कानावर घालायला हरकत नाही. फक्त खेळायचंच असेल तर त्याच पैशात बऱ्याचदा जास्त मेमरी किंवा थोडा जास्त वेग एएमडी देते, आणि मग लाल घ्यायला मला काहीच अडचण दिसत नाही. इंटेलचं आर्क बी580 हे डिसेंबर 2024 मध्ये आलेलं कार्ड 12 जीबी मेमरी देऊनही स्वस्त आहे, पण त्याला ‘रीसायझेबल बार’ ही सोय असलेला नवा मदरबोर्ड लागतो. जुन्या पीसीत ते टाकलंत तर पैसे वाया.

खरा धोका नावांत आहे. एकच नाव, दोन वेगळ्या वस्तू. एनव्हिडियाचं आरटीएक्स 5060 टीआय 8 जीबीत येतं आणि 16 जीबीतही. एएमडीचं आरएक्स 9060 एक्सटी तसंच. अमेरिकेत 2025 मध्ये ते आलं तेव्हा 8 जीबीचं 299 डॉलरला आणि 16 जीबीचं 349 डॉलरला होतं. आपल्याकडे त्यावर 18 टक्के जीएसटी आणि मधल्या हातांचे पैसे चढतात. नवे मोठे गेम 8 जीबीत अडखळायला लागले आहेत, तेव्हा हा फरक पाच वर्षांचा विचार करून मोजायचा. आरटीएक्स 3050ची तर वेगळीच तऱ्हा: 2022 चं 8 जीबीवालं आणि 2024 चं 6 जीबीवालं यांत मेमरीच काय, आतली चिपसुद्धा सारख्या ताकदीची नाही. बिलावर नुसतं ‘3050’ लिहिलेलं असेल तर मेमरीचा आकडा लिहून घ्या.

याहून वाईट म्हणजे ‘4 जीबीचं ग्राफिक्स कार्ड, फक्त एवढ्याला’ ही पाटी. आत बऱ्याचदा जीटी 730 असतं, 2014 चं. आजच्या काही प्रोसेसरमध्ये जे ग्राफिक्स फुकट बसवून येतं, ते याच्यापेक्षा दमदार असतं. मेमरीचा मोठा आकडा म्हणजे मोठं कार्ड असं नाही.

सेकंड हँड कार्ड ओळखीच्या माणसाकडून, समोर अर्धा तास गेम चालवून दाखवलं तरच घ्या. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ते ‘खणण्यासाठी’ रात्रंदिवस राबलेली कार्डं एकदम बाजारात आली. पुसून चकाचक केलेलं कार्ड किती राबलं आहे ते डोळ्यांना कळत नाही.

आता विजेचं. दुकानात याबद्दल फारसं कोणी विचारत नाही, पण आपल्या तालुक्यांत मला कार्डापेक्षा याची काळजी जास्त वाटते. आरटीएक्स 5060 ला 145 वॉट लागतात, आरएक्स 7600 ला 165, आर्क बी580 ला 190. प्रोसेसर, मॉनिटर धरून खेळताना सगळा संसार 300 वॉटच्या घरात जातो. रोज चार तास म्हणजे सव्वा युनिटच्या आसपास, महिन्याला पस्तीस-छत्तीस युनिट. आकडा लहान वाटतो, पण महावितरणचा दर 100 युनिटच्या पुढे दुपटीच्या आसपास चढतो. तुमचं बिल आत्ता नव्वद युनिटचं असेल तर यातले बरेचसे युनिट वरच्या दराने मोजले जातील. मुलाला ते बिल दाखवा, रागावून नव्हे, हिशेब म्हणून.

यूपीएसचंही तेच. दुकानात सर्रास मिळणारा 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॉट पेलतो. गेमिंग पीसी लावला तर वीज गेल्यावर तो जेमतेम बंद करण्याएवढा वेळ देईल, किंवा भार वाढला तर तोही देणार नाही. एक हजार व्हीएच्या पुढचा घ्या. पीसीला आतून वीज पुरवणारा एसएमपीएस चांगल्या कंपनीचा, निदान 550 वॉटचा असू द्या; कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर तीस हजारांचं कार्ड चालवणं मला धाडसाचं वाटतं. अवकाळीत आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा, इंटरनेटची वायरसुद्धा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत पीसी ठेवू नका. कार्ड गरम झालं की स्वतःहून वेग कमी करतं आणि पोरगं म्हणतं, ‘बघा, ब्रँडच चुकला.’ भात झोडणी झाली की आतला धुरळा एकदा ब्लोअरने काढून घ्या.

घरात जुना ऑफिसचा पीसी पडून असेल तर आरटीएक्स 3050 च्या 6 जीबीवाल्या कार्डाचा विचार करा. त्याला 70 वॉट पुरतात, आणि त्याच्या बऱ्याच मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही, मदरबोर्डच्या खाचेतून वीज मिळते. यूट्यूबवर त्याची टिंगल होते. महिन्यातून आठवडाभर कमी दाबाने वीज येणाऱ्या पाड्यावर ते टिकतं.

आणि कार्ड आत्ता घ्यायलाच हवं का? एएमडीचे रायझन 5 5600जी किंवा 8600जी असे शेवटी ‘जी’ असलेले प्रोसेसर बऱ्यापैकी ग्राफिक्स आतच घेऊन येतात. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट यांसारखे खेळ त्यावर चालतात. या वर्षी तेवढं घ्या, पुढच्या वर्षी कार्ड. याउलट इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो, 12400एफसारखा, त्यात ग्राफिक्स अजिबात नसतं. कार्ड नसेल तर पडदा काळाच राहणार. तुमच्या खिशाला खरी मदत या दोन अक्षरांची होते.

इंटरनेटचा प्रश्न तर कार्डाच्याही आधी विचारावा. एकेक मोठा गेम 100 जीबीच्या आसपास उतरवावा लागतो, आणि मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर ते होत नाही. डोळखांब किंवा सरळगावच्या आतल्या बाजूला घर असेल तर आधी जोडणी मिळते का ते पाहा.

समृद्धी महामार्गात जमीन गेली, मोबदला हातात आला, म्हणून ‘सगळ्यात भारी घेऊन टाक’ म्हणणारे बाबाही मला भेटतात. एनव्हिडियाचं सगळ्यात भारी कार्ड आरटीएक्स 5090 एकटंच 575 वॉट खातं आणि 2025 मध्ये त्याची मूळ किंमत 1999 डॉलर होती. जमिनीचा पैसा परत येत नाही. पोराला ते कार्ड लागतही नाही.

मुलगी मागत असेल तर? तर तिलाही हेच सगळं. ‘तुला कशाला गेमिंग’ हे वाक्य तेवढं गिळून टाका.

‘गेमिंग’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर रमीच्या जाहिराती आणि बुडालेले पैसे येतात, हे मला ठाऊक आहे. ती गोष्ट वेगळी. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने जो कायदा केला, त्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. पण गेममध्ये कपडे-बंदुका विकत घ्यायच्या असतात, ते खरे पैसे असतात, आणि तुमचं यूपीआय त्या पीसीला जोडलेलं असेल तर कळायच्या आत जातात. महिन्याचा आकडा आधी ठरवा. झोपायची वेळही कार्ड येण्याआधीच ठरवा, नंतर ते जमत नाही.

त्याला सांगा, ‘मला कागदावर लिहून दे: कोणते गेम, कोणता मॉनिटर, एकूण किती वॉट, वॉरंटी कोणाची. मग आपण जाऊ.’ कागद नीट लिहिला असेल तर त्याने निवडलेला रंग मान्य करा, तुम्हाला तो आवडो न आवडो. कल्याणला जा नाहीतर ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडला, पण बरोबर जा.

धसई 2016 मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं होतं. तुम्हीही इथे रोख देऊ नका. ‘बिलाशिवाय स्वस्त पडेल’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. जीएसटीच्या बिलावर कार्डाचं पूर्ण नाव, मेमरी आणि सिरियल नंबर लिहून घ्या, खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहा. काही कंपन्या वेळेत ऑनलाइन नोंदणी केली तर वॉरंटी वाढवून देतात, ती घरी आल्या दिवशी करा. दुकानदार टाळाटाळ करायला लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. पीसी जोडल्यावर मॉनिटरची वायर मदरबोर्डला न लावता कार्डालाच लावली आहे ना, तेही पाहा. नवं कार्ड ‘चालत नाही’ म्हणून परत नेणाऱ्यांत ही चूक नेहमीची.

दिवाळीला घ्यायचा बेत असेल तर दुकानात जायच्या आधी वायरमनला बोलवा आणि घरातलं अर्थिंग तपासून घ्या. ते नसेल तर हिरवं, लाल, निळं, कुठलंच कार्ड अजून आणू नका.