तळातून पाणी पिणारी कुंडी
(शेतकी विभागाकडून)



गळीत हंगाम आटोपला की घरोघर दोन गोष्टी सुरू होतात, लगीनसराई आणि पाण्याची ओढाताण. खिडकीत किंवा सोप्यात डब्यांतून लावलेली कोथिंबीर, पुदिना, मिरचीची दोन रोपे याच दिवसांत मरतात. सकाळी तांब्याभर पाणी घातले तर निम्मे खालून फरशीवर येते आणि दुपारी माती पुन्हा कोरडी ठणठणीत. घरची मंडळी तीन दिवस लग्नाला गेली तर परत आल्यावर नुसत्या काड्या बघायच्या. यावर एक सोपी युक्ती आहे. पाणी वरून न घालता कुंडीच्या तळाशी साठवायचे आणि मातीला आपल्या गरजेप्रमाणे ते ओढून घेऊ द्यायचे. अशी कुंडी घरच्या घरी तासा-दोन तासांत होते. पण या लेखाचे कारण तेवढेच नाही. ही कुंडी नीट समजली तर आपल्या उसाच्या रानात काय बिघडते आहे तेही समजते. ते पुढे येईलच.

पाणी वर चढते कसे?

कंदिलाची वात आठवा. खाली रॉकेल, वर ज्योत, मध्ये कोणी पंप बसवलेला नसतो. धोतराचे टोक पाण्यात बुडाले तर थोड्या वेळाने वीतभर वरपर्यंत ओले होते. सुताच्या बारीक फटींतून पाणी आपोआप वर सरकते, यालाच केशाकर्षण म्हणतात. मातीच्या कणांमध्येही अशाच फटी असतात. फट जितकी बारीक तितके पाणी उंच चढते, मात्र सावकाश. जाड वाळूत पाणी भरभर चढते, पण वीतभर चढून थांबते. आपल्या काळ्या चिकण रानात ते दोन-तीन हातही चढते, पण मुंगीच्या पावलाने. आपल्या कुंडीत पाण्यापासून मातीच्या माथ्यापर्यंत अंतर फार तर एक-सव्वा वीत ठेवायचे आहे, त्यामुळे योग्य मिश्रण भरले की काम भागते.

साहित्य

रंगाच्या २० लिटरच्या सारख्या मापाच्या दोन बादल्या, एक इंची पीव्हीसी पाइपाचा हातभर तुकडा, त्याच पाइपाचे ८ सेंटिमीटरचे चार तुकडे आणि ८ सेंटिमीटर उंचीचा एक प्लॅस्टिकचा पेला. ठिबकचे काम झालेल्या घरी पाइपाचे तुकडे कोपऱ्यात पडलेलेच असतात. बादली रंगाची असेल तर पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचीच घ्या आणि आतला पापुद्रा खरवडून, साबणाने धुऊन मगच वापरा. खाण्याच्या तेलाचे किंवा लोणच्याचे मोठे प्लॅस्टिकचे डबे मिळाले तर त्याहून बरे.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायची आहे. तणनाशकाचे किंवा कीटकनाशकाचे रिकामे कॅन या कामाला अजिबात वापरू नयेत, कितीही वेळा धुतले तरी नाही. औषध प्लॅस्टिकच्या अंगात मुरते. तणनाशकाचा अंश राहिला तर भाजी उगवणारच नाही, एवढ्यावर सुटले तर नशीब म्हणायचे. कीटकनाशकाचा राहिला तर भाजी उगवेल आणि मुलांच्या ताटात येईल. असे कॅन तीनदा विसळून, ते पाणी फवाऱ्याच्या टाकीतच ओतून, भोक पाडून निकामी करावेत. घरात आणूच नयेत.

बांधणी

एक बादली बाहेरची, एक आतली. बाहेरच्या बादलीच्या तळाशी पाइपाचे चार तुकडे उभे ठेवायचे आणि त्यांवर आतली बादली बसवायची. खाली ८ सेंटिमीटरची पोकळी राहते, ती पाण्याची टाकी.

आतल्या बादलीच्या तळाला मधोमध एक गोल भोक पाडा. पेला वरून घातला तर काठावर अडकून खाली लोंबेल एवढेच ते मोठे असावे. पेल्याच्या अंगाला आणि बुडाला दाभणाने भरपूर भोके पाडा. हा पेला म्हणजे कुंडीचा पाय. त्यात माती भरली की तो पाण्यात उभा राहतो आणि कंदिलाच्या वातीचे काम करतो. बाकी तळाला पेन्सिलीएवढी वीस-पंचवीस भोके पाडावीत. ती हवेसाठी आहेत. काठाजवळ आणखी एक भोक पाइप जाण्यापुरते. पाइपाचे खालचे टोक तिरके कापा, नाहीतर ते बुडाला टेकून पाणी जाणारच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचे भोक. बाहेरच्या बादलीच्या अंगाला, आतून मोजून तळापासून ७ सेंटिमीटरवर, बोट जाईल एवढे भोक पाडा. टाकी भरली की जास्तीचे पाणी इथून बाहेर पडेल. आतल्या बादलीचे बूड ८ सेंटिमीटरवर आणि पाणी ७ वर थांबते, म्हणजे मध्ये १ सेंटिमीटर हवा राहिली. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, हे ऊसवाल्याला वेगळे सांगायला नको. हे भोक विसरलात तर कुंडी नव्हे, डबके तयार होईल.

पाणी किती मावेल? बादलीचा तळ २८ सेंटिमीटर व्यासाचा धरला तर क्षेत्रफळ सुमारे ६१५ चौरस सेंटिमीटर. गुणिले ७, म्हणजे ४,३०० घनसेंटिमीटर, अर्थात ४.३ लिटर. पेला आणि आधाराचे तुकडे थोडी जागा खातात, तेव्हा ४ लिटर धरा. भरलेली कुंडी जड होते, म्हणून रिकामी असतानाच जागेवर नेऊन मग भरावी. भोके तापलेल्या सळईने पाडणार असाल तर अंगणात पाडा. प्लॅस्टिकचा धूर घरात नको.

काय भरावे?

रानातली काळी माती उचलून भरायची नाही. ती ओली झाली की फुगते, फटी बंद होतात, हवा कोंडते आणि मुळे कुजतात. दोन वाटे कोकोपीट, एक वाटा पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि अर्धा वाटा मध्यम वाळू, हे मिश्रण चांगले चालते. कोकोपीटमध्ये कधी कधी मीठ असते, म्हणून ते दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्यावे.

कारखान्याचे सभासद म्हटल्यावर प्रेसमडचा विचार मनात येणारच. ताजी प्रेसमड नको. ती कुजताना तापते. चांगली कुजून गार झालेली, वास गेलेली, भुसभुशीत झालेली असेल तर शेणखताच्या जागी खुशाल घाला. बगॅस तर ताजा मुळीच घालू नये. कुजताना तो नत्र स्वतःकडे ओढतो आणि रोपे पिवळी पडतात. पाचट कुजवताना आपण युरिया टाकतो तो याच कारणाने. बॉयलरची राखही मूठभराच्या वर नको.

आधी पेल्यात मिश्रण दाबून भरा, पोकळी ठेवू नका. मग बादली भरा. पहिले पाणी मात्र वरूनच द्यायचे, बाजूच्या भोकातून गळू लागेपर्यंत. कोरडे कोकोपीट आपणहून पाणी उचलत नाही. एकदा सगळे ओले झाले की साखळी जुळते. त्यानंतर पाइपातून पाणी भरत जावे. बी टाकल्यावर आठ-दहा दिवस वरून शिंपडा करावा, कारण माथ्याचा बोटभर थर सुकतो आणि कोवळ्या मुळ्या खालपर्यंत पोचलेल्या नसतात.

ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांनी पाण्याच्या दोन लिटरच्या बाटलीचे दोन भाग करावेत. झाकणाला भोक पाडून त्यातून जुन्या नायलॉन साडीची पट्टी ओवावी, वरचा भाग उलटा करून खालच्यात बसवावा. वर मिश्रण, खाली पाणी. पट्टी सुती नको, ती काही आठवड्यांत कुजते. शाळेतल्या मुलांकडून हे जरूर करून घ्या.

काय लावावे, कुठे ठेवावे?

मेथी, कोथिंबीर, पालक, पुदिना यांना चार-पाच तास ऊन येणारी खिडकी पुरते. मेथी तीन-साडेतीन आठवड्यांत खुडायला येते. मिरची, टोमॅटोला सहा तासांच्या वर ऊन हवे, म्हणजे त्यांची जागा सोपा किंवा गच्ची. एका बादलीत टोमॅटोचे एकच रोप, लोभ करू नये. निवडुंग, कोरफड यात लावू नका, कायमच्या ओलीत ती सडतात. खोलीत ऊनच येत नसेल तर २० वॅटची एलईडी नळी हातभरापेक्षा जवळ टांगून रोज १२ तास लावता येते. महिन्याला सात-सव्वासात युनिट जातील. मेथीच्या जुडीसाठी वीजबिल वाढवणे काही खरे नाही, असे आमचे मत. ऊन शोधावे.

चार लिटर पाणी किती दिवस जाईल हे पिकावर आहे. पालेभाजी उन्हाळ्यात दिवसाला अर्धा लिटर प्याली तरी आठवडा निघतो. भरात आलेला टोमॅटो तेच पाणी दोन-तीन दिवसांत संपवील. तेव्हा पंधरा दिवस गावाला जाऊन कुंडीवर भरवसा ठेवू नये.

डास

हे हलक्यावारी घेऊ नका. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आपली टाकी म्हणजे त्याला आयते घर. म्हणून पाइपाच्या तोंडाला आणि बाजूच्या भोकाला बारीक जाळीचे कापड घट्ट बांधलेच पाहिजे. दोन बादल्यांच्या मधली फट चिंध्या कोंबून बंद करावी. आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते, तोच नियम इथेही. आठवड्यात एकदा टाकी संपू द्यावी, मग भरावी. झाडाला त्याने काही होत नाही, उलट मुळांना हवा मिळते.

माथ्यावरची पांढरी साय

आता मुद्द्याचे. महिना-दीड महिन्यात कुंडीच्या माथ्यावर पांढरट साय धरते. पानांच्या कडा करपतात. बायका म्हणतात बुरशी आली. बहुधा ती बुरशी नसते, ते मीठ असते.

हिशेब करून बघा. विहिरीच्या किंवा बोअरच्या एका लिटर पाण्यात एक ग्रॅम क्षार धरा. आपल्याकडे उन्हाळ्यात एवढे असणे नवल नाही. कुंडी रोज अर्धा लिटर प्याली तर महिन्याला १५ लिटर, म्हणजे १५ ग्रॅम क्षार आत गेले. पाणी वर चढते, पानांतून आणि माथ्यावरून उडून जाते. क्षार उडत नाहीत. झाड त्यातले थोडे घेते, बाकीचे तिथेच साठतात आणि ज्या वाटेने पाणी गेले त्या वाटेच्या शेवटी, म्हणजे माथ्यावर, दिसतात.

उपाय एकच. महिन्यातून एकदा गोडे पाणी वरून सावकाश आठ-दहा लिटर ओतायचे. क्षार विरघळून खाली जातात आणि बाजूच्या भोकातून बाहेर पडतात. टाकीत उरलेले खारे पाणी बादली कलंडवून काढून टाकायचे. माथ्यावर पाचटाचे बारीक तुकडे पसरले तर माती कमी सुकते आणि सायही कमी धरते. टाकीत युरिया विरघळवून घालू नये. पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत वर टाकणे पुष्कळ.

आता हीच बादली एकराची आहे असे समजा. पाटाचे पाणी आले, ऊस आला, पाणी मोकाट सोडले. पाणी खाली मुरत गेले, निचऱ्याला वाट नाही, म्हणून जमिनीखालची पाण्याची पातळी वर वर आली. ती हात-दोन हातांवर आली की काळी माती वातीसारखी ते पाणी माथ्यापर्यंत ओढते, ऊन ते उडवते आणि क्षार मागे राहतात. नीरा डाव्या कालव्याला पाणी १८८५ च्या सुमारास आले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतच त्या भागात जमिनी पाणथळ व क्षारपड होऊ लागल्या. पुढे कृष्णा, वारणा, पंचगंगाकाठच्या काळ्या जमिनींतही तेच झाले. ज्या रानाने कधी काळी एकरी भरघोस ऊस दिला तिथे आज लव्हाळा उभा असलेला आपण पाहतोच.

कित्येकजण म्हणतात, पाणी जास्त सोडून मीठ धुऊन काढू. कुंडीत ते जमते, कारण कुंडीला बाजूला भोक आहे. ते भोक बुजवून वरून दहा लिटर ओता आणि काय होते बघा. मीठ कुठेही जात नाही, फक्त मुळे बुडतात. रानाचे भोक म्हणजे चर, किंवा भूमिगत निचऱ्याचे सच्छिद्र पाइप. ते आधी, धुणे मागाहून. जिप्समही चोपण जमिनीतच, म्हणजे जिथे सोडियम जास्त आहे तिथे कामाचा, आणि तोही निचरा असेल तरच. नुसत्या क्षारपड जमिनीत जिप्सम टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे. दोन्हींतला फरक डोळ्यांनी कळत नाही, माती तपासूनच कळतो. सामू, क्षारता आणि सोडियम असे तिन्ही आकडे मागून घ्या. निचरा एकट्याच्या बांधात होत नाही, पाणी ओढ्यापर्यंत न्यायचे तर खालच्या शेजाऱ्याचे रान मध्ये येते. तिथे भाऊबंदकी आडवी येते आणि दोघांचीही जमीन जाते.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी बाटलीच्या दोन कुंड्या कराव्यात. दोन्हींत एकच मिश्रण, पण एकीच्या पाण्यात लिटरला चहाचा एक चमचा मीठ घालावे. खिडकीत ठेवून रोज खालूनच पाणी द्यावे. आठ-पंधरा दिवसांत एकीच्या माथ्यावर साय दिसू लागेल, वरून कोणी मीठ टाकलेले नसताना. मुलांना दाखवा, आणि बांधावरून ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्यालाही दाखवायला हरकत नाही.

पीक निघाल्यावर कुंडीतले मिश्रण उपसून उन्हात पसरावे, मुळ्या वेचाव्यात, निम्मे नवे मिश्रण घालून पुन्हा भरावे. त्या वेळी पेल्याची भोके मुळ्यांनी बुजली आहेत का तेही बघावे, बहुतेक वेळा बुजलेली असतात.