इच्छामरण : इच्छा नेमकी कोणाची?



भीष्मांची गोष्ट सांगताना एका मुलीने विचारलं, “सर, आता असा वर भेटते का?” तेव्हा अरुणा शानबाग आठवल्या.

अरुणा मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. 27 नोव्हेंबर 1973 ला तिथल्याच एका सफाई कामगाराने साखळीने त्यांचा गळा आवळला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. पुढे जवळपास 42 वर्षे त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांना अन्न देणे थांबवावे अशी याचिका केली. वर्षानुवर्षे भरवणाऱ्या परिचारिकांनी मात्र विरोध केला. 7 मार्च 2011 ला सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, पण कडक अटींवर जीवरक्षक उपचार थांबवायला वाट दिली. 18 मे 2015 ला न्यूमोनियाने अरुणा गेल्या. या सगळ्याला आपण इच्छामरण म्हणतो, पण त्यांची इच्छा कोणाला विचारताच आली नाही!

म्हणून 2018 चा निकाल महत्त्वाचा. शुद्धीत असतानाच लिहून ठेवता येते, की बरे होण्याची आशा नसेल तर यंत्रांवर ठेवू नका. 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. नेदरलँड्समध्ये 2002 पासून डॉक्टर इंजेक्शनही देऊ शकतात. आपल्याकडे तो गुन्हाच.

आमच्या गडचिरोलीत पेशंट नागपूरला नेतात, पैसे संपले की सही करून घरी आणतात. माझ्या आजोबांनाही तसंच आणलं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.